कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे, पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ (जन्म : पुणे, ८ नोव्हेंबर १९१७, मृत्यू : २००१) या भारतीय जैववैद्यकीय संशोधक होत्या. स्तनांचा कर्करोग, शरीरातील संप्रेरके आणि आईच्या दुधातून पिलांकडे जाणारा विषाणू यांच्या परस्परसंबंधांवरील अभ्यासासाठी त्या ओळखल्या जातात. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राचे संचालकपद त्यांनी प्रभारी म्हणून सांभाळले. भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. वैद्यकक्षेत्रातील कामगिरीबद्दल भारत सरकारने १९८२ साली त्यांना पद्मभूषण पुरस्काराने सन्मानित केले.

सुरुवातीचे जीवन आणि शिक्षण

कमल समर्थ यांचा जन्म पुण्यात झाला. त्यांचे वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे जीवशास्त्रज्ञ होते आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत. आईचे नाव शांताबाई. आपल्या सर्व मुलांना, विशेषतः मुलींना, उत्तम शिक्षण मिळावे असा वडिलांचा आग्रह होता. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागा या नावाने परिचित असलेल्या मुलींच्या शाळेत झाले. शाळेत त्या हुशार विद्यार्थिनी म्हणून गणल्या जात.

मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे आणि डॉक्टर जावई मिळावा अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी मात्र वेगळी वाट निवडली. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे मुख्य विषय घेतले आणि विशेष प्रावीण्यासह पदवी मिळवली. पुढे पुण्याच्याच कृषी महाविद्यालयातून त्यांनी १९४३ मध्ये एम.एस्सी. पूर्ण केले. सीताफळ कुलातील वनस्पतींचे पेशीजनुकशास्त्र हा त्यांचा विशेष विषय होता. सीताफळ, रामफळ आणि हिरवा चाफा या वनस्पती याच कुलात मोडतात. रुग्णाच्या कर्करोगापासून हा विषय दूरचा वाटला, तरी पेशीच्या आत पाहण्याची, गुणसूत्रे मोजण्याची आणि दोन जातींमधील सूक्ष्म फरक ओळखण्याची शिस्त त्यांना याच अभ्यासातून लागली. पुढील आयुष्यात उंदरांच्या दोन वाणांची तुलना करताना हीच पद्धत त्यांना उपयोगी पडली.

१३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी झाला आणि त्या मुंबईस आल्या. पतीचा विषय वेगळा असूनही पत्नीच्या पदव्युत्तर अभ्यासाला त्यांनी पाठबळ दिले. वैद्यकीय पदवी न घेताही कमल रणदिवे यांचे पुढील सर्व आयुष्य रुग्णालयाशी जोडलेल्या प्रयोगशाळेतच गेले.

टाटा स्मारक रुग्णालय आणि डॉ. खानोलकर

मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्र विभागाची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक मानले जाणारे खानोलकर हे रुग्णावरील उपचारांइतकेच रोगाच्या कारणांच्या शोधालाही महत्त्व देत. भारतात वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळ्या अवयवांचे कर्करोग का आढळतात, हा त्यांच्या आस्थेचा प्रश्न होता. विवाह, आहार, पोशाख आणि व्यसने यांच्या चालीरीती जातिजमातींनुसार बदलत असल्याने, रोगाच्या कारणांची तुलना करण्याची अपूर्व संधी या देशात उपलब्ध आहे, हे त्यांनी ओळखले होते.

कमल रणदिवे या रुग्णालयात रुजू झाल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन सुरू केले. १९४९ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. परदेशात जाऊन नवे तंत्र शिकून यावे, असा सल्ला खानोलकरांनी त्यांना दिला. त्यानुसार शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. मानवी पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवण्याच्या तंत्रात गाय यांचा हातखंडा होता. प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पहिल्या मानवी पेशींचा वाण, म्हणजे हेला पेशी, याच प्रयोगशाळेतून जगाला मिळाला.

पार्श्वभूमी

दूधनिर्मिती आणि संप्रेरके

रणदिवे यांच्या कामाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळी स्तनग्रंथीविषयी काय माहीत होते आणि काय माहीत नव्हते, हे पाहणे आवश्यक आहे. स्तनग्रंथी हा जन्मानंतर पूर्ण होणारा अवयव आहे. मुलगी वयात येताना अंडाशयातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे स्तनातील नलिका वाढतात. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाने नलिकांच्या टोकांना दूध तयार करणाऱ्या पेशींचे सूक्ष्म कोश तयार होतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येणारे प्रोलॅक्टिन या पेशींना दूध तयार करण्याचा आदेश देते. इन्शुलिन आणि अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसॉल यांचीही त्याला साथ लागते.

गरोदरपणात प्रोलॅक्टिन भरपूर असूनही प्रत्यक्ष दूध येत नाही, कारण वारेतून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन त्याला रोखून धरते. बाळंतपणात वार पडली की हा अटकाव दूर होतो. सुरुवातीला चीक येतो आणि दोन ते चार दिवसांत दूध भरून येऊ लागते. बाळ चोखू लागले की दोन संदेश मेंदूकडे जातात. एका संदेशाने प्रोलॅक्टिन वाढते आणि पुढच्या वेळचे दूध तयार होते. दुसऱ्याने ऑक्सिटोसिन स्रवते, दुधाच्या कोशांभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात आणि दूध बाहेर येते. मराठीत ज्याला पान्हा फुटणे म्हणतात ती हीच क्रिया होय.

हे ज्ञान तुकड्यातुकड्याने जमत गेले. १९२८ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे श्ट्रिकर आणि ग्रुटर यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून सशांमध्ये दूध आणले. १९३३ मध्ये अमेरिकेत ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या द्रव्याला प्रोलॅक्टिन हे नाव दिले. कबुतरे आपल्या पिलांना अन्नपोटळीतून जे दुधासारखे द्रव्य भरवतात, त्याच्या वाढीवरून त्यांनी संप्रेरकाचे प्रमाण मोजण्याची रीत बसवली. माणसात मात्र प्रोलॅक्टिन हे वाढीच्या संप्रेरकाहून वेगळे आहे, हे ठामपणे सिद्ध व्हायला १९७० साल उजाडले. म्हणजेच रणदिवे यांच्या संशोधनाची पहिली पंचवीसएक वर्षे अशा काळात गेली, जेव्हा मानवी स्तनाला चालना देणारे प्रमुख संप्रेरक वेगळे काढता आलेले नव्हते. उंदरांवरील प्रयोगांना त्या काळी एवढे महत्त्व का होते, याचे हे एक कारण होय.

दूध आणि कर्करोग यांचा संबंध

स्तनांच्या कर्करोगाचा संप्रेरकांशी संबंध असल्याचा पहिला सुगावाही दुधाच्या अभ्यासातूनच लागला. स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक जॉर्ज बीट्सन यांनी तरुणपणी आपल्या प्रबंधासाठी दूधनिर्मिती हा विषय निवडला होता. दुभत्या जनावराचे अंडाशय काढले असता ते अधिक काळ दूध देते, हा पशुपालकांचा अनुभव त्यांच्या कानी आला. अंडाशयाची स्तनावर एवढी सत्ता असेल, तर ती स्तनातील गाठीवरही असावी, असा तर्क त्यांनी केला. वाढलेल्या कर्करोगाच्या काही स्त्रियांचे अंडाशय काढल्यावर गाठी लहान झाल्याचे त्यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये आंत्वान लाकासान्य यांनी नर उंदरांना इस्ट्रोन हे स्त्रीसंप्रेरक टोचले, तेव्हा नरांमध्येही स्तनांचे कर्करोग उद्भवले.

याच सुमारास अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत एक कोडे पुढे आले. काही अंतःप्रजनित वाणांच्या माद्यांमध्ये स्तनांचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर होई, तर काहींमध्ये क्वचितच. दोन वाणांचा संकर केला असता पिलांची प्रवृत्ती बापाकडे न जाता आईच्या वाणाकडे झुके. केवळ गुणसूत्रांनी याचे स्पष्टीकरण मिळत नव्हते. १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी कर्करोगप्रवण वाणाची पिले जन्मताच आईपासून वेगळी करून, कर्करोग न होणाऱ्या वाणाच्या दाई उंदरीला लावली. त्या पिलांमध्ये पुढे कर्करोगाचे प्रमाण एकदम घटले. आईच्या दुधातून काहीतरी पिलांकडे जात होते. कर्करोगाच्या शोधात त्या काळी विषाणूचे नाव घेणे धाडसाचे मानले जाई. म्हणून या गोष्टीला दुग्धघटक असे सावध नाव मिळाले. पुढे तो विषाणूच असल्याचे सिद्ध झाले. उंदरांच्या स्तनांतील गाठींचा विषाणू या नावाने आज तो ओळखला जातो.

अशा रीतीने उंदरांतील स्तनांच्या कर्करोगामागे तीन कारणे उभी राहिली : आनुवंशिकता, संप्रेरके आणि दुधातून येणारा विषाणू. या तिघांपैकी कोणाचा वाटा किती, आणि एकावाचून दुसऱ्याचे काही चालते का, या प्रश्नांवर जगभर काम सुरू झाले. मुंबईत ते काम खानोलकर आणि रणदिवे यांनी हाती घेतले.

संशोधन

स्तनग्रंथी आणि उंदरांचे वाण

असे संशोधन करायचे तर प्रथम शुद्ध वाणाचे उंदीर हवेत. भाऊबहिणींचा संकर सलग वीस किंवा अधिक पिढ्या करत गेल्यावरच वाण अंतःप्रजनित मानला जातो. प्रत्येक पिढीची वंशावळ लिहून ठेवावी लागते. माद्या म्हाताऱ्या होईपर्यंत सांभाळाव्या लागतात, कारण गाठी उतारवयात येतात. एखाद्या साथीने उंदरांचे घर रिकामे झाले तर वर्षांचे काम वाया जाते. मुंबईच्या उष्ण व दमट हवेत आणि मर्यादित साधनांत असे वाण सांभाळणे, ही स्वतंत्र कामगिरी होती. परदेशातून आणलेल्या वाणांबरोबरच केंद्राने आपला स्वतःचा वाणही जोपासला. केंद्राच्या आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी उंदीर या नावाने ओळखला जाऊ लागला. या वाणात स्तनांचे कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळत.

रणदिवे यांनी कर्करोगप्रवण आणि कर्करोगाला सहसा बळी न पडणाऱ्या वाणांची शेजारी शेजारी ठेवून तुलना केली. गाठ दिसू लागल्यावर तिचे वर्णन करणे एवढाच त्यांचा हेतू नव्हता. गाठ येण्याच्या कितीतरी आधी दोन वाणांच्या माद्यांच्या शरीरात काय फरक असतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी स्तनग्रंथीबरोबर अंडाशय, अधिवृक्क आणि पीयूषिका या ग्रंथींकडेही पाहावे लागे, कारण स्तनग्रंथी स्वतःहून काही करत नाही. तिची वाढ, दुधाने भरणे आणि पिले तुटल्यावर पुन्हा आक्रसणे, हे सारे या ग्रंथींच्या संदेशांवर चालते. गाभणपण आणि दूध पाजणे यांची प्रत्येक फेरी म्हणजे स्तनपेशींच्या विभाजनाची एक लाट असते, आणि विभाजनात चूक घडण्याचा धोकाही त्याच वेळी असतो.

कर्करोगाची प्रवणता ही संप्रेरके आणि गाठीचा विषाणू यांच्या परस्परसंबंधावर अवलंबून असते, हा विचार ठळकपणे मांडणाऱ्या आरंभीच्या संशोधकांमध्ये रणदिवे यांची गणना होते. विषाणू अंगात असूनही संप्रेरकांची साथ नसेल तर गाठ क्वचितच येते. नर उंदरांमध्ये विषाणू असूनही सहसा कर्करोग होत नाही, तो यामुळेच. पुढच्या काळात रेणवीय जीवशास्त्राने या संबंधाची यंत्रणा उलगडली. विषाणूच्या जनुकीय द्रव्यातच स्टेरॉइड संप्रेरकांना प्रतिसाद देणारा भाग असल्याचे दिसून आले. त्यामुळे गाभणपणात आणि दूध येण्याच्या काळात, जेव्हा ही संप्रेरके वाढतात, तेव्हा विषाणूही झपाट्याने वाढतो आणि दुधात उतरतो. पिलाच्या आतड्यातील रोगप्रतिकारक पेशींच्या आश्रयाने तो पुढे तिच्या स्तनग्रंथीत पोहोचतो. दूध निर्माण करणारे संदेश विषाणूने आपल्या प्रसारासाठी वापरून घेतल्याचे हे उदाहरण आहे. १९८२ मध्ये नेदरलँड्सचे रोएल नुसे आणि अमेरिकेचे हॅरॉल्ड व्हार्मस यांनी हा विषाणू यजमान पेशीच्या विशिष्ट जनुकाशेजारी शिरून त्याला जागे करतो, असे दाखवून दिले. त्या जनुकाच्या अभ्यासातून आज वाढ आणि कर्करोग या दोन्हींसाठी महत्त्वाचा मानला जाणारा पेशीसंदेशांचा एक मार्ग माहीत झाला.

ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा

बाल्टिमोरहून परतल्यावर रणदिवे भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात काम करू लागल्या. हे केंद्र केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९५२ मध्ये स्थापन केले होते आणि खानोलकर त्याचे संचालक होते. येथे रणदिवे यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. शरीरातून काढलेला ऊतीचा तुकडा किंवा सुट्या पेशी, योग्य पोषकद्रव आणि योग्य तापमान देऊन काचेच्या भांड्यात जिवंत ठेवणे, म्हणजे ऊतिसंवर्धन. त्या काळी लागणारी द्रव्ये परदेशातून मागवावी लागत. ती महाग असत आणि प्रवासात खराबही होत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस रणदिवे आणि त्यांच्या जीवशास्त्र व रसायनशास्त्र या विषयांतील सहकाऱ्यांनी संवर्धनाची माध्यमे आणि त्यासाठी लागणारी द्रव्ये येथेच तयार करण्यास सुरुवात केली.

स्तनग्रंथीच्या अभ्यासाला या तंत्राची विशेष गरज होती. जिवंत प्राण्यात एक संप्रेरक वाढवले की इतर अनेक संप्रेरके बदलतात. त्यामुळे कोणत्या परिणामाचे श्रेय कोणाला द्यावे हे कळत नाही. काचेच्या भांड्यात मात्र एकेक संप्रेरक मोजून घालता येते. उंदराच्या स्तनग्रंथीचा तुकडा संप्रेरकयुक्त द्रवात टिकवता येतो, हे १९५७ मध्ये अमेरिकेत दिसून आले. दुधातील प्रथिने तयार होण्यासाठी इन्शुलिन, कॉर्टिसॉलसारखे स्टेरॉइड आणि प्रोलॅक्टिन ही तिन्ही लागतात, हेही पुढे अशाच प्रयोगांतून निश्चित झाले. रणदिवे यांनी आपल्या केंद्रात कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र यांसाठी नवे विभाग सुरू केले. रक्ताचा कर्करोग, स्तनांचा कर्करोग आणि अन्ननलिकेचा कर्करोग यांची कारणे प्राण्यांच्या अभ्यासातून समजून घेण्याचे काम या विभागांत चालले.

मानवी दुधाचा प्रश्न

उंदरांतील निष्कर्षांनी एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा केला. उंदरीच्या दुधातून कर्करोगाचा विषाणू पिलांकडे जात असेल, तर स्त्रियांच्या बाबतीतही तसे घडते काय? आईला किंवा आजीला स्तनांचा कर्करोग झालेल्या स्त्रीने आपल्या मुलीला अंगावर पाजू नये काय? हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नव्हता. ज्या देशात वरचे दूध म्हणजे अनेकदा अस्वच्छ पाणी, हगवण आणि बालमृत्यू, तेथे स्तनपानाविषयी विनाकारण भीती पसरणे अर्भकांच्या जिवावर बेतले असते. तसेच, धोका खरा असता तर तो दडवणेही योग्य ठरले नसते.

मुंबईतील पारशी समाजात स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा अधिक असल्याचे टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांच्या लक्षात आले होते. समाज लहान, विवाह समाजातच, लग्नाचे वय अधिक आणि अपत्ये कमी, यामुळे आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू या तिन्ही शक्यता तेथे एकत्र येत होत्या. अमेरिकेतील डॅन मूर यांचा गट आणि मुंबईतील संशोधक यांनी मिळून पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. उंदरांच्या विषाणूशी साम्य असलेले कण काही नमुन्यांत आढळल्याचे १९७१ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या शोधनिबंधाच्या लेखकांत रणदिवे यांच्याच संस्थेतील सत्यवती सिरसाट आणि टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यचिकित्सक जाल पेमास्टर यांचा समावेश होता.

या निष्कर्षाने जगभर खळबळ उडाली, पण पुढील तपासात कणांची उपस्थिती आणि स्त्रीला होणारा कर्करोग यांचा संबंध जोडता आला नाही. आईच्या दुधातून मुलीला स्तनांचा कर्करोग होतो, याला पुरावा मिळाला नाही. उलट, स्तनपानाचा आईलाच फायदा होतो असे पुढे दिसून आले. तीस देशांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे आईला स्तनांचा कर्करोग होण्याचा सापेक्ष धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो, आणि प्रत्येक बाळंतपणामागे होणारी ७ टक्के घट याहून वेगळी असते. उंदीर आणि माणूस यांतील हा फरक प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला लावताना घ्यावयाच्या सावधगिरीचा धडा मानला जातो. संप्रेरकांविषयीचा भाग मात्र माणसातही खरा ठरला. संप्रेरकांची क्रिया रोखणारी औषधे आज स्तनांच्या कर्करोगावरील उपचारांचा मोठा आधार आहेत.

ग्रामीण महाराष्ट्रात स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी असल्याचे बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीतून स्पष्ट झाले. लवकर मातृत्व, अधिक बाळंतपणे आणि दीर्घकाळ अंगावर पाजणे ही त्यामागील कारणांपैकी काही मानली जातात. पुणे, मुंबईसारख्या शहरांत ही परिस्थिती बदलत गेली, तसे तेथील प्रमाणही वाढत गेले.

कुष्ठरोगाचा जिवाणू

ऊतिसंवर्धनाच्या तंत्राचा उपयोग रणदिवे यांनी कर्करोगापलीकडेही केला. कुष्ठरोगाचा जिवाणू कृत्रिम पोषकमाध्यमात वाढवणे आजवर कोणालाही साधलेले नाही. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून, मानवी चेतापेशींच्या संवर्धनाच्या साहाय्याने, एक आम्लस्थायी जिवाणू वाढवला. केंद्राच्या आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी जिवाणू असे नाव पडले. हा प्रत्यक्ष कुष्ठरोगाचा जिवाणू नसून त्याच्याशी प्रतिकारदृष्ट्या साम्य असलेला वेगळा जिवाणू आहे, असे पुढे मानले गेले. तरीही त्या साम्यामुळेच १९७९ मध्ये माधव देव आणि सहकाऱ्यांनी त्यापासून कुष्ठरोगाची लस तयार केली. दक्षिण भारतात झालेल्या तुलनात्मक चाचणीत या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ मध्ये जाहीर झाले.

सुपारी आणि तंबाखू

खानोलकरांच्या परंपरेला अनुसरून रणदिवे यांनी भारतीय सवयींशी निगडित कर्करोगांचाही अभ्यास केला. सुपारी आणि तंबाखू यांच्या अर्कांचा प्रायोगिक प्राण्यांवर होणारा परिणाम त्यांनी सहकाऱ्यांसह तपासला. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुपारीतही कर्करोगजनक गुण असल्याचे दिसून आले. दोष केवळ तंबाखूचा, साधी सुपारी निरुपद्रवी, असा समज त्या काळी सर्रास होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित पानसुपारीलाही २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवले.

संचालक आणि मार्गदर्शक

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. १९६६ मध्ये ते आणि टाटा स्मारक रुग्णालय एकाच व्यवस्थापनाखाली आणून टाटा स्मारक केंद्राची रचना झाली. या स्थित्यंतराच्या काळात, १९६६ ते १९७० पर्यंत, रणदिवे यांनी संचालकपदाची जबाबदारी प्रभारी म्हणून सांभाळली. रुग्णालय आणि संशोधन संस्था एकत्र नांदवणे सोपे नसते. रुग्णालयाची गरज आजची असते, तर उंदरांच्या एका प्रयोगाला तीन वर्षे लागतात. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, विकृतिशास्त्र आणि वैद्यक अशा भिन्न शाखांतील माणसांना एका प्रश्नावर एकत्र आणण्याची पद्धत त्यांनी रुजवली.

परदेशात शिकून भारतात परतलेल्या तरुण वैज्ञानिकांनी आपले ज्ञान देशातील समाजासाठी वापरावे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत.

भारतीय महिला वैज्ञानिक संघटना

१९७३ मध्ये मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली. तिच्या संस्थापक सदस्यांमध्ये रणदिवे होत्या. विज्ञानाची पदवी घेतलेल्या अनेक मुली लग्न, बाळंतपण आणि बदलीच्या गावी घर शोधण्याच्या अडचणी यांमुळे प्रयोगशाळेपासून दुरावतात, हे या स्त्रियांनी जवळून पाहिले होते. त्यामुळे संघटनेने व्याख्याने आणि परिषदा यांच्यापुरते काम मर्यादित ठेवले नाही. नवी मुंबईतील वाशी येथील तिच्या संकुलात नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि लहान मुलांसाठी पाळणाघर यांची सोय झाली. स्तनपान आणि संशोधन या दोन्ही गोष्टी एकाच स्त्रीच्या वाट्याला येऊ शकतात, याची जाणीव या योजनेमागे दिसते.

ग्रामीण भागातील कार्य

निवृत्तीनंतर रणदिवे यांना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मानद वैद्यकीय वैज्ञानिक म्हणून सामावून घेतले. याच काळात त्यांचे लक्ष ग्रामीण आणि आदिवासी भागाकडे वळले. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणस्थितीविषयी त्यांनी माहिती गोळा केली. सह्याद्रीच्या कुशीतील हा डोंगराळ तालुका कुपोषणाच्या प्रश्नाने ग्रासलेला होता. महिला वैज्ञानिक संघटनेच्या माध्यमातून गावातील स्त्रियांना आरोग्य आणि आहाराचे प्रशिक्षण देण्याचे कामही त्यांनी केले.

प्रशिक्षित डॉक्टर गावोगावी पोहोचणार नसेल, तर गावातील बाईलाच आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्यावे, हा या कामाचा गाभा होता. गरोदर स्त्रीचा आहार, नवजात बाळाचे स्तनपान आणि लहान मुलाचे वजन या गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. अर्धे आयुष्य उंदरीच्या दुधातून जाणारा घटक शोधण्यात घालवलेल्या संशोधकाचे उत्तरायुष्य अशा रीतीने माता आणि मुलांच्या पोषणापर्यंत येऊन पोहोचले. १९८९ नंतरही त्या या कामात सहभागी होत्या. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुरस्कार आणि सन्मान

१९६४ : भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार, सुवर्णपदक आणि १५,००० रुपये असे त्याचे स्वरूप होते.
१९६४ : सूक्ष्मजीवशास्त्रातील कामासाठी वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार.
१९८२ : वैद्यकक्षेत्रातील कामगिरीबद्दल पद्मभूषण.

वारसा

रणदिवे यांनी ज्या संस्थेत काम केले ती कर्करोग संशोधन संस्था आज टाटा स्मारक केंद्राचा भाग असून तिची मुख्य वास्तू नवी मुंबईतील खारघर येथे आहे. रणदिवे यांनी देशात रुजवलेले ऊतिसंवर्धनाचे तंत्र आज लसनिर्मितीपासून औषधांच्या चाचण्यांपर्यंत सर्वत्र वापरले जाते. मानवी दुधाविषयी मुंबईत पुढील काळात झालेले एक महत्त्वाचे काम वेगळ्या दिशेचे होते. शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. एकेकाळी ज्या द्रवात कर्करोगाचा विषाणू शोधला गेला, तो द्रव अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे प्राण वाचवण्यासाठी त्याच शहरात साठवला जाऊ लागला.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी, रणदिवे यांच्या १०४ व्या जयंतीनिमित्त, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर सूक्ष्मदर्शकात पाहणाऱ्या कमल रणदिवे यांचे चित्र प्रदर्शित केले. त्यामुळे विज्ञानाच्या वर्तुळाबाहेरील नव्या पिढीलाही त्यांच्या कार्याचा परिचय झाला.